‘नवरी’ नावाचं बटण

मी माणसं गोरी करायचो. खोटं कशाला बोलू, वीस वर्षं तोच धंदा केला. चामोर्शीला बस स्टँडच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता आणि आजूबाजूच्या गावांत माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: त्याच्याकडे काढा, पोरगी उजळ येते. रोलचे दिवस होते तेव्हा मी मुद्दाम जास्त उजेड घ्यायचो. थर्माकोलचे दोन तक्ते चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धरायचो. आरशापाशी पावडरचा डबा कायमचा ठेवलेला. गडचिरोलीच्या लॅबला रोल पाठवताना पाकिटावर लाल पेनाने लिहायचो, ‘उजळ’. पुढे पुढे ते लिहायचीही गरज उरली नाही. लग्नाच्या पोरीचा फोटो दिसला की लॅबवाला आपणहून तेच करायचा.

मग डिजिटल आलं. नागपूरहून मी एक जुना, पण बरा कॅमेरा आणला, एक कॉम्प्युटर जोडून घेतला आणि त्यावर माझ्यापुरती एक सोय करून ठेवली. फोटो उघडायचा, कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. चेहरा दोन पायऱ्या उजळ, गालाला किंचित गुलाबी, डोळ्यांखालचं काळं गायब. त्या सोयीला काहीतरी नाव द्यावं लागतं, तर मी नाव दिलं ‘नवरी’. बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकलीही त्या बटणावर चिकटवली, म्हणजे शोधावं लागायला नको. मोठा शहाणा ना मी!

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. थंडी सरत आली होती, सोयरिकीचे दिवस होते. सकाळी दुकान उघडून फडकं मारत होतो तर जवळच्या गावचा एक माणूस आत आला. तलावावर मासे धरायचा, बाजारात त्याच्या घरचे लोक मासे विकायला बसायचे. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातला फोटो काउंटरवर ठेवला.

“भाऊ, हा तुमचाच नं?”

फोटोच्या मागे माझा शिक्का होता. म्हटलं, “माझाच. का, काय झालं?”

“काई नाई. पोरीची सोयरीक मोडली.”

मग त्याने सांगितलं. फोटो पाहून पाव्हणे खूश झाले, जीप करून चौघं आले. आमच्याकडची रीत अशी की दारात पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी पोरगी स्वतः नेऊन देते. तिने पाणी दिलं. पाय पडली. पाव्हणे चटईवर बसले, पोहे झाले, चहा झाला. ती समोर वावरत होती. शेवटी पोराच्या मामाने घड्याळ पाहिलं आणि तिलाच म्हणाला, “बाई, आता पोरीले बोलवा. आमाले अंधाराच्या आत पोचाचं हाये.”

“तिलेच म्हनलं, भाऊ,” तो म्हणाला. “तिलेच.”

माझं डोकं तापलं. माझा स्वभावच तसा, चूक आपली असली की आवाज आधी चढतो. म्हटलं, “मग त्यात फोटोचा काय दोष? डोळे उघडे आहेत, कडा साफ आहेत, कुठे हललेला नाही. पाहणाऱ्यांना अक्कल नाही त्याला मी काय करू? आणा पोरीला, दुसरा काढून देतो. फुकटात देतो, बस्स?”

“आनली हाये नं.”

मी दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. त्या माणसाच्या शेजारी टोपली घेऊन एक बाई उभी होती. मला वाटलं होतं, बाजाराला आलेली कोणी असेल. तिने मान वर केली.

“मीच हाये, भाऊ.”

दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीवर बसवून मी तिचा फोटो काढला होता. हनुवटी वर करा, खांदा सैल सोडा, सगळं सांगितलं होतं. तोच चेहरा हातभर अंतरावर होता आणि मला ओळखता आला नव्हता. कोणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. मी काउंटरवरचा फोटो उलटा करून ठेवला आणि दोघांना बसायला स्टूल दिले.

बापाची अडचण साधी होती. मुलचेऱ्याच्या बाजूला दुसरी एक सोयरीक होती आणि सोयरीक जुळवणारा माणूस आठवड्याने फोटो घेऊन जाणार होता. “या खेपेले पार गोरी नका करू,” तो म्हणाला. “मधातली करा.”

“मधातली मंजे कोन, बाबा?” पोरगी म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, मले जसी हाये तसी काढा. नाई तं मी आता कोनासाठीच पानी घिऊन जात नाई. तुमी दोघं जा घिऊन.”

ती टोपली उचलून बाजारात गेली. बाप मागे राहिला. पायरीवर उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, जसी हाये तसी काढली तं फोटोवरच नाई म्हनतीन. चोवीसावं लागलं तिले.” असं म्हणून तोही गेला. म्हणजे पोरीचं ऐकलं तर बाप मेला, आणि बापाचं ऐकलं तर पोरगी पुन्हा कोणासमोर उभीच राहणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

खरी गंमत पुढे. ‘जशी आहे तशी’ काढायची कशी, हेच मला येत नव्हतं! हसू नका. वीस वर्षांत कोणी मागितलंच नव्हतं. कॅमेऱ्याच्या आतही मी सगळं उजळ-उजळ करून ठेवलेलं होतं, कॅमेरा फोटो द्यायचा तोच धुऊन-पुसून. तेव्हा आठवलं की कॅमेरा विकणारा नागपूरचा माणूस एक सेटिंग दाखवून म्हणाला होता, “हे रॉ. भाऊ, तुमी झाडीपट्टीचे, धानवाले, तुमाले सांगतो. बाकी फोटो मंजे शिजलेला भात. हे मंजे धान. कांडाचं, पाखडाचं, शिजवाचं, सारं तुमी कराचं.” त्या वेळी मी म्हटलं होतं, मला भात द्या, धानाचं काम बायकांना सांगा. एकेक फाइल एवढी जड की कार्डावर तीस-पस्तीस फोटोंत जागा संपायची. कोण त्या भानगडीत पडतो?

आता पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गावी गेलो. ना पावडर नेली, ना थर्माकोल. तलावाच्या पाळीवर तिला उभं केलं. ऊन कोवळं होतं, पाण्यावरून उजेड खालून तिच्या गळ्यावर येत होता. तिने हळदी रंगाची साडी नेसली होती. म्हटलं, हातात काहीतरी धरा, हात मोकळे वाईट दिसतात. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि एक पांढरं कमळ देठासकट उपटून आणलं. मी तीस फोटो काढले. एकदाही “हसा” म्हटलं नाही, आणि ती एकदा आपणहून हसली.

दुपारी वीज आली तसा कॉम्प्युटरपाशी बसलो. फाइली तर आल्या, पण उघडेचनात. नुसते पांढरे चौकोन. घाम फुटला. मग कॅमेऱ्यासोबत आलेली सीडी शोधून काढली, जी इतके दिवस चहाच्या कपाखाली ठेवायला वापरत होतो. पुसून-पासून चालवली. एक फोटो उघडायला बिडी ओढून व्हावी इतका वेळ. आणि उघडला तर काय, तिचा चेहरा गुलाबी! आमच्या तलावावरची पोरगी, आणि गाल कुठल्या थंड हवेच्या देशातल्यासारखे. त्या सॉफ्टवेअरला चेहऱ्यांबद्दल स्वतःची मतं होती आणि ती बदलायची सोय कुठे दडवली होती ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

दुसरं एक माझ्याकडे होतं, तीस दिवस वापरून पाहायचं. तीस दिवस केव्हाच होऊन गेले होते, पण कॉम्प्युटरची तारीख मागे ओढली की ते बिचारं फसायचं. म्हणजे माझ्या दुकानात बाहेर फेब्रुवारी आणि आत मागच्या सालची दिवाळी. ते मात्र देखणं होतं, भराभर चालायचं. त्यात ‘आपोआप’ म्हणून एक बटण. दाबलं. क्षणात फोटो लख्ख झाला, पोरगी दोन पायऱ्या उजळली. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मोठ्याने म्हणालो, “अरे, तूपण?” कुठल्या देशात बसून कोणी ते बनवलं असेल, त्याला चामोर्शी माहीत नाही, आमच्या सोयरिकी माहीत नाहीत, तरी त्याच्याही पोटात ‘नवरी’ बसलेलीच!

तिसरं आणलं सायबर कॅफेतून, पेन ड्राइव्हवर. फुकट होतं. कोणा परदेशी माणसांनी बनवून जगाला वाटून टाकलेलं. ना रूप, ना रंग, खिडकीभर नुसते आकडे आणि सरकवायच्या पट्ट्या. त्यात फोटो उघडला आणि मी शिवीच दिली. फिकट, हिरवट, काळवंडलेला. गढूळ पाण्यातून पाहावं तसा. बंद करणार होतो. पण या सॉफ्टवेअरने आपल्या मनाने काही केलं नव्हतं, एवढं लक्षात आलं. ते थांबलं होतं. मला विचारत होतं की तू तिथे होतास, तू सांग.

त्यात एक छोटं चिन्ह होतं. फोटोतली जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्यावर ते नेऊन टेकवायचं, मग उजेडाचा रंग कोणता होता ते सॉफ्टवेअर ओळखतं आणि बाकीचे रंग त्यावरून लावतं. पांढरं काय होतं? कमळ. मी कमळाच्या पाकळीवर टेकवलं.

आणि सकाळ परत आली. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. हिरवटपणा एका झटक्यात उतरला. साडी हळदीची झाली, पाणी पाण्याचं झालं. मग मी उजेडाची पट्टी हळूहळू सरकवू लागलो, श्वास धरून, आणि जिथे मला नुसता काळा डाग दिसत होता तिथे तिचा चेहरा निघायला लागला. कपाळाला तांब्याची झाक. गालाच्या हाडाखाली जांभळट सावली. नाकाच्या एका बाजूला आभाळ पडलेलं, अगदी निळं. गळ्यावर पाण्याची हलती रेघ. ओठांजवळ तपकिरी, कानाच्या पाळीतून ऊन आरपार गेल्याने लाल. अरे देवा! एवढे रंग? एका चेहऱ्यात? काळा म्हणजे एक रंग, हे मला कोणी शिकवलं होतं? कॅमेऱ्याने हे सारं पाहिलं होतं आणि जसंच्या तसं आणून ठेवलं होतं. पाहायचं राहिलं होतं ते माझंच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की शरमेचं, ते सांगता येत नाही. किती पोरी त्या खुर्चीवर बसून गेल्या, आणि प्रत्येकीचं हे सगळं मी पांढऱ्या चुन्याखाली पुरलं आणि वरून शाबासकी घेतली.

घर दुकानाच्या मागेच. बायको चहा घेऊन आली, मॉनिटरकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगंबाई! ही तं बाजारातली पोट्टी. हिच्याचकडून तं मी झिंगे घेतो.”

“ओळखलीस?”

“हे काय विचारणं झालं? ती काय बुरख्यात हाये?” मग तिने कप ठेवला आणि माझ्याकडे तिरकं पाहिलं. “भिंतीवरच्या आपल्या लग्नाच्या फोटोत तुमच्या बाजूले कोन बसली हाये, ते मले तुमी एकदा सांगजा.” तो फोटो माझ्या उस्तादाने काढला होता. मी चहा प्यायलो.

कप ठेवला आणि ‘नवरी’ कॉम्प्युटरमधून काढून टाकली. टिकली निघता निघेना, नखाने खरवडली. त्या दिवशी पुढे दुकानात मन लागलं नाही. बाजारातून चालत गेलो आणि वेड्यासारखा माणसं पाहत फिरलो. मिरच्या विकणारी म्हातारी, पंक्चरवाला, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून आलेला भाजीवाला, शाळेतून येणाऱ्या पोरी. कोणाच्या रंगात लाल माती, कोणाच्या रंगात मोहाची फुलं. ज्या गावात जन्म गेला ते गाव मी जणू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एकाने विचारलं, “काऊन भाऊ, काई हरपलं का?” म्हटलं, “नाही बाबा, सापडून राह्यलं.”

काम मात्र संपलं नव्हतं. फोटो छापायला गडचिरोलीला पाठवला तर परत आला गोराच! लॅबवाल्याचं मशीनही आपोआप उजळ करायचं, आणि तो स्वतः वीस वर्षं माझ्याच हाताखाली बिघडलेला. मी पहिल्या बसने गेलो, मशीनपाशी उभा राहिलो आणि म्हटलं, कशालाही हात लावायचा नाही. तो म्हणाला, “भाऊ, काळी येईन नं पोरगी.” म्हटलं, “येऊ दे. तिला यायचंच आहे.” भांडण झालं, कागद दोनदा वाया गेला, तिसऱ्या खेपेला ती आली. ओला-गरम कागद हातात घेऊन मी बस स्टँडपर्यंत चालत गेलो, घडी पडेल म्हणून पिशवीतसुद्धा घातला नाही.

बाप फोटो न्यायला आला. त्याने तो खूप वेळ धरून ठेवला, मग उजेडात नेला, परत आणला. मला वाटलं आता ओरडेल.

“हे तं माही माय हाये,” तो म्हणाला.

त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, आणि तिचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. “असीच दिसे. हेच कपाळ.” शर्टाच्या बाहीने त्याने नाक पुसलं. मग ‘मधातली’चा विषय त्याने पुन्हा काढला नाही. फोटो मुलचेऱ्याकडे गेला.

मी दिवस मोजत होतो. देव-बिव मी फारसा मानत नाही, पण त्या दिवसांत मारुतीच्या देवळावरून जाताना हात जोडायचो. एवढ्या खऱ्या चेहऱ्याला कोणी नाही कसं म्हणेल, असं मला आतून वाटत होतं. मी पाहिलं होतं ते कोणालाही दिसेलच, याची खात्रीच धरून बसलो होतो.

पंधरा-सोळा दिवसांनी बाप-लेक दोघं दुकानात आले. बापाच्या हातात पाकीट होतं. त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसला.

“नाई म्हनले. फोटो पाहूनच.”

मी म्हटलं, “माझं चुकलं. तुमचं ऐकायला हवं होतं. सांगाल तसा करून देतो.” पोरीने पाकिटातून फोटो काढला. कोणीतरी कोपरा दुमडला होता, तो तिने काउंटरवर ठेवून अंगठ्याने सरळ केला. रडलेली दिसत नव्हती. उलट मलाच पाहून तिला नवल वाटत होतं.

“तुमी काऊन तोंड पाडून बसले, भाऊ? मागच्या खेपेले त्यायनं हो कोनाले म्हनलं अन् नाई कोनाले म्हनलं, मले समजलंच नाई. रातभर तेच इचार करत होती मी. या खेपेले मलेच नाई म्हनलं. मले पाहून म्हनलं.”

तिने फोटो माझ्याकडे सरकवला.

“अजून चार कॉप्या द्या. आता ज्याले नाई म्हनाचं त्यानं मलेच म्हनाचं.”